बातमीचे क्विंटलमागे किती रुपये?

२०२५ चा पोळा तोंडावर आला होता. यवतमाळ जिल्ह्यात पऱ्हाटी पात्या-फुलांवर होती, आणि १९ ऑगस्टपासून केंद्र सरकारने कापसावरचं ११ टक्के आयात शुल्क उचललं. आधी सवलत ३० सप्टेंबरपर्यंतच होती. दहा दिवसांच्या आत ती ३१ डिसेंबरपर्यंत वाढली. मधल्या काळात, २७ ऑगस्टला, अमेरिकेने भारतीय मालावरचा कर ५० टक्क्यांवर नेऊन ठेवला. वणीपासून उमरखेडपर्यंत पानठेल्यांवर एकच विषय होता. कुणी म्हणे कापूस पाच हजारांवर येणार, कुणी म्हणे दिल्ली-वॉशिंग्टनच्या भांडणाचं आपल्या वावराला काय! दोघांच्याही बोलण्यात जोर होता, हिशेब नव्हता.

राजकीय निर्णय आणि जगातल्या घडामोडी आपल्या अर्थव्यवस्थेवर काय परिणाम करतात, हे टीव्हीवर देशाच्या पातळीवर सांगितलं जातं. विकासदर, तूट, परकीय गंगाजळी. कास्तकाराला हवा असतो तो आकडा वेगळा: माझ्या क्विंटलमागे किती? हा आकडा काढता येतो. त्याला अर्थशास्त्राची पदवी लागत नाही, मोबाइलमधला कॅल्क्युलेटर पुरतो.

कापसाचा हिशेब

एक क्विंटल कापूस जिनिंगमध्ये गेला की त्यातून साधारण ३४ किलो रुई निघते आणि ६४ किलोच्या आसपास सरकी. उरलेलं घटीत जातं. वाण, पाऊस आणि वेचणी यांवर रुईचा उतारा एखाद-दीड किलोने मागेपुढे होतो. जिनिंगवाला तुमच्या कापसाचा भाव ठरवतो तो या दोन वस्तूंच्या भावावरून. म्हणून ‘कापसाचा भाव’ असं काही वेगळं नसतं. रुईचा भाव असतो आणि सरकीचा भाव असतो.

रुईचा भाव जगात न्यूयॉर्कच्या वायदे बाजाराकडे बघून ठरतो. तिथे तो एका पौंडाला, म्हणजे ४५४ ग्रॅमला, किती सेंट असा सांगतात. आपल्याकडे व्यापारी खंडीत बोलतात, खंडी म्हणजे ३५६ किलो. समजा न्यूयॉर्कला ६५ सेंट आहे आणि डॉलर ८८ रुपयांना आहे. ६५ सेंटचे झाले ५७ रुपये २० पैसे. हे ४५४ ग्रॅमचे, म्हणजे किलोला १२६ रुपये. खंडी पावणेपंचेचाळीस हजारांच्या थोडी वर. आता ३४ किलो रुईचे १२६ प्रमाणे झाले ४,२८४ रुपये. सरकी ३५ रुपये किलो धरली तर ६४ किलोचे २,२४०. बेरीज साडेसहा हजार. बाहेरून येणाऱ्या रुईला जहाजभाडं लागतं आणि इथल्या कापसाला जिनिंग, गाठ बांधणी, वाहतूक यांचा खर्च लागतो, तो वेगळा. पण भावाचा कणा हाच.

आता ऑगस्टमधली बातमी यात घाला. १२६ रुपये किलोच्या रुईवर ११ टक्के शुल्क म्हणजे १४ रुपये. ३४ किलोला पावणेपाचशे. म्हणजे शुल्क उचललं तेव्हा बाहेरच्या रुईच्या तुलनेत तुमच्या क्विंटलची ढाल पावणेपाचशे रुपयांनी उतरली. पाच हजारांवर भाव येईल म्हणणारा चुकला होता, आणि काही फरक पडत नाही म्हणणाराही चुकला होता.

याच हिशेबातून आणखी एक गोष्ट दिसते, ती आंदोलनाच्या मंचावरून कुणी सांगत नाही. २०२५-२६ साठी लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव ८,११० रुपये होता. शुल्क कायम असतं तरी वरच्या हिशेबाने कापूस सात हजारांच्या आसपास घुटमळला असता. हमीभावाशी उरलेली अकराशेची दरी शुल्काने पडलेली नव्हती. जगात रुई स्वस्त होती म्हणून ती पडली होती. शुल्कमाफीवर राग काढणं रास्त आहे. पण सगळा राग एकाच अधिसूचनेवर काढला तर शुल्क परत आल्यावर भाव आपोआप हमीभावाला टेकेल असं वाटत राहतं, आणि त्या आशेवर घरात कापूस साठतो.

हे तीन ठोकताळे वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. डॉलर ८८ रुपयांच्या आसपास असताना न्यूयॉर्कला एक सेंट हलला की क्विंटलमागे ६५ रुपयांच्या आसपास फरक. भाव ६५ सेंटच्या आसपास असताना डॉलर एक रुपयाने महागला की पन्नासेक रुपये तुमच्या बाजूने. आणि सरकी किलोमागे एक रुपयाने हलली की ६४ रुपये. गंमत अशी की रुपया घसरला की बातम्यांत सुतकी चेहरे दिसतात, पण कापूस विकणाऱ्याला त्या दिवशी थोडं बरं असतं. डिझेल आणि खत विकत घेताना तोच माणूस पुन्हा रडतो. दोन्ही खरं आहे.

तोच निर्णय, वेगळा महिना

शुल्कमाफी काही पहिल्यांदा झाली नव्हती. हे ११ टक्के शुल्क आलं २०२१ च्या अर्थसंकल्पात. पुढच्याच वर्षी, एप्रिल २०२२ मध्ये, ते काही महिन्यांसाठी उचललं गेलं. तेव्हा भाव दहा हजारांच्या वर होता. तरी गावात फारशी ओरड झाली नाही, कारण एप्रिलपर्यंत बहुतेकांच्या घरातला कापूस निघून गेलेला होता. झळ बसायची ती साठेवाल्यांना. २०२५ मध्ये हाच निर्णय ऑगस्टमध्ये आला, वेचणीच्या दीड-दोन महिने आधी. अमेरिका किंवा ब्राझीलहून जहाज यायलाही साधारण तेवढाच वेळ लागतो. ३० सप्टेंबरची मुदत कायम राहिली असती तर नवे सौदे करून माल आणायला गिरण्यांना फारसा वाव नव्हता. ३१ डिसेंबर झाल्यावर तो मिळाला, नेमका तुमची बंडी बाजारात निघण्याच्या दिवसांत. म्हणून बातमीत काय ठरलं याच्याइतकंच कधीपासून कधीपर्यंत हे वाचा. तारीख बहुधा शेवटच्या ओळीत असते.

बातमीचं वजनही सारखं नसतं. मंत्र्याचं भाषण, मंत्रिमंडळाचा निर्णय आणि राजपत्रातली अधिसूचना या तीन वेगळ्या पायऱ्या आहेत. व्यापार हलतो तो तिसऱ्या पायरीवर. राज्याच्या बाबतीत शासन निर्णय, म्हणजे जीआर, निघेपर्यंत काही खरं नाही. २०२४ च्या विधानसभा प्रचारात सोयाबीनला सहा हजारांचा आकडा गाजला. त्या हंगामाचा जाहीर हमीभाव ४,८९२ होता आणि बाजार त्याच्याही खाली चालू होता. उलट त्याच वर्षी राज्याने आधीच्या खरिपातल्या कापूस-सोयाबीनसाठी हेक्टरी पाच हजार रुपये, दोन हेक्टरच्या मर्यादेत, दिले. ते प्रत्यक्ष खात्यात आले, कारण मागे जीआर होता आणि ई-पीक पाहणीची नोंद होती. ज्यांची नोंद राहिली त्यांना त्यासाठी हेलपाटे घालावे लागले.

अधिसूचना निघाली तरी पहिल्या दिवशी घाबरून विकू नये, याला ५ मार्च २०१२ हा दाखला आहे. त्या दिवशी केंद्राने कापूस निर्यातीवर बंदी घातली. बाजार कोसळला, गुजरात-महाराष्ट्रातून गदारोळ झाला, आणि आठवड्याभरात सरकारने पाऊल मागे घेतलं. त्या आठवड्यात ज्यांनी गाडी भरून काटा केला, त्यांचं नुकसान कुणी भरून दिलं नाही.

यातलं फारसं काही नवीन नाही. वऱ्हाडात कापूस बाहेरच्या राजकारणावर डोलायला लागला त्याला दीडशेच्या वर वर्षं झाली. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी सुरू झाली, उत्तरेने दक्षिणेची बंदरं कोंडली, मँचेस्टरच्या गिरण्यांना कापूस मिळेना आणि त्यांची नजर इकडे वळली. भाव चढले, ज्वारीच्या जमिनीत कापूस शिरला. १८६५ मध्ये युद्ध थांबलं, भाव पडले, मुंबईत सट्टेबाजांचं दिवाळं निघालं. पुढे यवतमाळ ते मूर्तिजापूर अरुंद रुळांची गाडी आली, आपली शकुंतला, तीही कापूस बंदरापर्यंत नेण्याच्या सोयीसाठी. स्वतंत्र भारतात १९७२ मध्ये राज्याने एकाधिकार खरेदी आणली, तेव्हा भाव मुंबईत मंत्रालयात ठरू लागला. आणि राज्याच्या सीमेपलीकडे भाव जास्त असला की रातोरात गाड्या आदिलाबादच्या दिशेने सुटत. वयस्कर माणसांना विचारा, नाके कुठे होते ते अजून सांगतील.

सोयाबीन: तेलाकडे बघताना पेंड विसरू नका

सोयाबीनचं गणित बरेच जण उलटं मांडतात. १४ सप्टेंबर २०२४ ला केंद्राने कच्च्या पाम, सोया आणि सूर्यफूल तेलावरचं मूळ आयात शुल्क शून्यावरून २० टक्के केलं; बाकीचे अधिभार धरून ते २७.५ टक्के झालं. सोयाबीन आता उसळणार असं सगळे म्हणाले. तेलाचा डबा महागला, सोयाबीन मात्र चार-सव्वाचार हजारांत अडकून राहिलं. कारण सोपं आहे. एक क्विंटल सोयाबीनमधून तेल निघतं १८ किलोच्या आसपास, आणि पेंड ऐंशी किलो. तेल किलोमागे २० रुपयांनी वाढलं तर क्विंटलला ३६० रुपये मिळाले. पेंड किलोमागे फक्त पाच रुपयांनी घसरली की ४०० गेले.

पेंड का पडली? जगात सोयाबीनचं पीक अमाप होतं हे एक कारण. दुसरं कारण आपल्याच धोरणात आहे. पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळायचं म्हणून मका आणि तांदळापासून इथेनॉल काढणं वाढलं. त्यातून जो चोथा उरतो, ज्याला बाजारात डीडीजीएस म्हणतात, तो स्वस्त पशुखाद्य म्हणून कोंबडी-जनावरांच्या खाद्यात सोयापेंडीच्या जागी जाऊ लागला. मक्याला भाव मिळावा म्हणून घेतलेला निर्णय आर्णी-दारव्ह्याच्या सोयाबीनला असा लागला. तेव्हा पुढच्या वेळी खाद्यतेलावरच्या शुल्काची बातमी आली की अर्धीच बातमी कळली असं समजा. बाजार समितीतल्या खरेदीदाराला पेंडीचा भाव विचारा. ३० मे २०२५ ला कच्च्या खाद्यतेलावरचं हेच मूळ शुल्क दहा टक्क्यांवर आणलं गेलं, हेही लक्षात असू द्या. महागाईची ओरड झाली की शहरातल्या फोडणीचं पारडं जड होतं. सरकार कोणाचंही असो.

तुरीचं थोडक्यात. मे २०२१ मध्ये तूर आयातीला मोकळीक मिळाली, आणि पुढे सरकार वर्षावर्षाने मुदत वाढवत आलं. म्यानमार आणि आफ्रिकेतली तूर, मोझांबिक, टांझानिया, मलावी इथली, आपल्या बंदरांवर उतरते. आफ्रिकेचा माल साधारण ऑगस्टनंतर येऊ लागतो. तुम्ही तूर साठवून दिवाळीची वाट बघणार असाल तर त्या वेळी शेजारी कोण उभं असणार आहे ते माहीत असावं.

खताचं पोतं आणि लांबचा समुद्र

डीएपीचं पोतं दुकानात १,३५० रुपयांना असतं, पण ती त्याची खरी किंमत नव्हे. फरक सरकार अनुदानातून भरतं. त्यामुळे परदेशात दर वाढला तर तुम्हाला तो किमतीत दिसत नाही, तुटवड्यात दिसतो. चीनने निर्यात आवळली, तांबड्या समुद्रात हल्ले सुरू झाल्यावर जहाजं आफ्रिकेला वळसा घालू लागली, की जूनमध्ये कृषी केंद्रासमोर रांग लागते आणि ‘डीएपी हवं तर हेही घ्या’ असं लिंकिंग सुरू होतं. लिंकिंग बेकायदा आहे, पक्की पावती मागा आणि तालुका कृषी अधिकाऱ्याकडे तक्रार करा. पण पेरणी तक्रारीसाठी थांबत नाही. म्हणून पर्याय आधी ठरवून ठेवा. डीएपीच्या ५० किलोच्या पोत्यात ९ किलो नत्र आणि २३ किलो स्फुरद असतं. तीन पोती सिंगल सुपर फॉस्फेट आणि जेमतेम अर्धं पोतं युरिया यांतून तेवढंच मिळतं, वर गंधक मिळतं, ते सोयाबीनला हवंच असतं. ओझं वाढतं, मजुरी थोडी वाढते. एप्रिल-मेमध्ये आखाती देश किंवा चीनबद्दल वाईट बातमी दिसली तर जूनची वाट न बघता लागणारं खत घरात आणून टाका. साठेबाजी करा असं म्हणत नाही, आपल्या एकरांपुरतं.

विकायचं कधी, थांबायचं कधी

इथे बातम्यांचा उपयोग संपतो आणि स्वतःच्या घरचा हिशेब सुरू होतो. २०२२-२३ मध्ये आदल्या वर्षीचे दहा-बारा हजार डोळ्यांसमोर होते. दिवाळीनंतर बऱ्यापैकी भाव असताना कित्येकांनी कापूस काढला नाही. खोलीत, पडवीत, पलंगाखाली कापूस. घरातल्या लेकरांना खाज. उन्हाळ्यात तो विकला तेव्हा भावही कमी आणि वजनही कमी. आदल्या वर्षीचा भाव ही बातमी नसते.

माझं मत असं: दिवाळी, कृषी केंद्राची उधारी आणि मजुरी भागेल इतका माल पहिल्या वेचणीलाच निघून जावा. उरलेला दोन-तीन हप्त्यांत. शेवटचा हप्ता फरदडीच्या मोहात न पडता जानेवारी-फेब्रुवारीत मोकळा करा. सोयाबीन आणि तूर थांबवायची असेल तर घरात नको. पणन मंडळाच्या शेतमाल तारण योजनेत बाजार समितीच्या गोदामात ठेवा. मालाच्या किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत रक्कम सहा महिन्यांसाठी ६ टक्के व्याजाने मिळते. सावकाराच्या व्याजापुढे हे काहीच नाही. मात्र तुमच्या तालुक्याची समिती ही योजना प्रत्यक्ष राबवते का, हे मळणीच्या आधी विचारून या.

हमीभावाने विकताना एक आकडा कुठल्याही अधिसूचनेपेक्षा तुमच्या हातात जास्त आहे: ओलावा. सीसीआय, म्हणजे भारतीय कापूस महामंडळ, ८ टक्के ओलाव्याला पूर्ण भाव देते. त्यावर प्रत्येक टक्क्याला भावातून एक टक्का कापते, आणि १२ टक्क्यांच्या वर कापूस घेतच नाही. ८,११० च्या भावात १२ टक्के ओलावा म्हणजे क्विंटलमागे ३२४ रुपये गेले. आयात शुल्काच्या पावणेपाचशेशी ताडून बघा. सकाळी दवात वेचलेला कापूस दोन दिवस ताडपत्रीवर पसरून वाळवला तर यातले बरेचसे परत मिळतात. सोयाबीनची मर्यादा एरवी १२ टक्के. नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्राने ती त्या हंगामापुरती १५ केली, पण निम्मा-शिम्मा माल व्यापाऱ्याकडे गेल्यावर. अशा सवलतीवर विसंबून राहू नये.

२०२५-२६ पासून सीसीआयला कापूस द्यायचा तर ‘कपास किसान’ अ‍ॅपवर आधी नोंदणी आणि मग दिवसाची वेळ घ्यावी लागते. नोंदणीची मुदत पहिल्या वर्षी वाढत गेली, म्हणून पुढेही वाढेल असं धरू नका. सातबाऱ्यावर कापसाची नोंद, त्यासाठी खरिपातच केलेली ई-पीक पाहणी आणि आधारशी जोडलेलं बँक खातं, ही तीन कामं दसऱ्याआधी उरकून ठेवा. सातबारा आईच्या किंवा वडिलांच्या नावावर असेल तर नोंदणी त्यांच्याच नावाने होते आणि पैसेही त्यांच्याच खात्यात येतात. ते खातं चालू आहे का, वर्षानुवर्षं व्यवहार न झाल्याने बंद तर पडलं नाही ना, हे त्यांना बँकेत सोबत नेऊन एकदा बघून या.